पुरुषांची तक्रार ऐकणारी जागा हवी

पुरुषांसाठी वेगळी मदतयंत्रणा मागणे म्हणजे स्त्रियांच्या हक्कांना विरोध करणे, हे मत मला मान्य नाही. घरातल्या मारहाणीला खासगी बाब म्हणून झाकून ठेवण्याची सवय स्त्रीवादी चळवळीने मोडली, हे ऋण मी मनापासून मानतो. माझा आक्षेप आहे तो पीडित म्हणजे स्त्री आणि मारणारा म्हणजे पुरुष हे समीकरण समुपदेशन केंद्रांत आणि पोलिसांच्या प्रशिक्षणात अनेकदा गृहीत धरले जाते, त्याला. एरिन पिझ्झी यांनी १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी आश्रयगृह सुरू केले, आणि तिथल्याच अनुभवावरून काही स्त्रियाही हिंसा करतात असे त्या बोलू लागल्या, तेव्हा त्यांना चळवळीतूनच कडवा विरोध झाला.

माझ्या एका मित्राने पत्नीच्या मारहाणीला कंटाळून मदतवाहिनीला फोन केला. मनगटावरचा चाव्याचा वण बाहीखाली ओढून घेत तो बोलत होता, आणि पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "आधी तुम्ही काय केलंत?" त्याने पुन्हा कुठेही फोन केला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात दर लाख पुरुषांमागे आत्महत्यांचे प्रमाण १२.६ होते, स्त्रियांमध्ये ५.४. याची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष संस्थांवर टाकता येणार नाही. पण स्त्रियांच्या निधीतला एक पैसाही न काढता, पुरुष तक्रारदाराचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यायला समुपदेशकांना शिकवता येईल, आणि माझी मागणी तेवढीच आहे.