शुगर-बीपीची ओपीडी सिस्टरांनी चालवायची तर आधी काय ठरवावं?

सिस्टर_इन्चार्ज_सोलापूर: ट्रस्टचं हॉस्पिटल, १०० खाटा. मेडिसिन ओपीडीत शुगर-बीपी आटोक्यात असलेले पेशंटसुद्धा त्याच गोळ्या पुन्हा लिहून घ्यायला तासन्‌तास बसतात. आठवड्यातून दोन सकाळी त्यांची वेगळी ओपीडी सुरू करायची आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या दोन सिस्टर मिळतील. चिठ्ठीवर सही कोणाची? एका सकाळी किती पेशंट घ्यावेत? सामान काय लागेल?

मेडिसिनवाला: सही डॉक्टरांचीच. सिस्टरांना नवीन औषध सुरू करता येत नाही, डोसही आपल्या मनाने बदलता येत नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांची चिठ्ठी लिहावी, दर महिन्याला सिस्टरांनी तपासून पेशंट औषधखिडकीकडे पाठवावा. त्याआधी एक पानी लेखी प्रोटोकॉल करून त्यावर फिजिशियन आणि मेट्रन दोघांच्या सह्या घ्या.

त्यात डॉक्टरांकडे लगेच कधी न्यायचं ते आकड्यांत लिहा: पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजल्यावरही बीपी १८०/११० किंवा वर, शुगर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या किंवा धाप, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, पायाला जखम किंवा काळं पडलेलं बोट, गरोदर बाई. शुगर ७० च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग डॉक्टर.

त्या सकाळी कोणता डॉक्टर, हे रोस्टरवर नावानिशी हवं. नुसतं ‘डॉक्टरांना कळवा’ लिहिलं की पेशंट पुन्हा जुन्याच रांगेत जातो आणि तुमची ओपीडी वजन-बीपीचं काउंटर होऊन बसते.

पायतपासणी: सामान फार नाही. बीपीचे दोन मापांचे कफ (जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी जास्त दिसतं), ग्लुकोमीटर, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पाय बधिर आहे का ते बघायचा नायलॉनचा धागा), १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क (पायाला कंप जाणवतो का ते बघायला), वजनकाटा. तपासताना मोनोफिलामेंट वाकेपर्यंत दाबायचा, पेशंटचे डोळे मिटलेले, घट्ट्यावर टेकवायचा नाही. एकाच मोनोफिलामेंटने एका दिवशी दहाच्या वर पेशंट तपासू नका, तो मऊ पडतो आणि बधिर नसलेला पाय बधिर ठरतो. दोन ठेवा, आलटून पालटून वापरा.

ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपची डबी उघडल्याची तारीख डबीवरच लिहा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या स्ट्रिपचा भरवसा नाही. बोट आधी साबणाने धुऊन कोरडं करा, गूळ-फळ हाताळलेल्या बोटावर शुगर उगाच जास्त येते.

कारभारी_ओपीडी: नवीन पेशंटला ३० मिनिटं, जुन्याला १५. म्हणजे ९ ते १२ मध्ये एका सिस्टरला दोन नवे, आठ जुने. त्यावर एकही नको, नाहीतर पाय बघणं पहिल्यांदा गळतं. बूट काढायला लावणंच जिवावर येतं.

वेळ ठरवताना शहराच्या पूर्वभागातल्या विडीकामगार बायकांचा विचार करा. विड्या कारखान्यात जमा करायच्या दिवशी त्या येणार नाहीत. वार ठरवण्याआधी त्यांनाच विचारा. कार्ड मराठीबरोबर तेलुगूतही छापा, अक्कलकोटकडच्यांसाठी कन्नडमध्ये. आलेला नाही त्याला दुसऱ्या दिवशी फोन, आणि त्याची वेगळी वही.

सिस्टर_इन्चार्ज_सोलापूर: वार विचारून घेते. इन्सुलिनवाले पेशंट सुरुवातीलाच घ्यावेत का?

मेडिसिनवाला: पहिले काही महिने नको. घ्याल तेव्हा पेशंटची सिरिंज आणि बाटली दोन्ही मागून बघा. लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या (एका मिलीत ४० युनिट) बाटलीसाठी. इन्सुलिन पेनच्या १०० युनिटच्या कार्ट्रिजमधून त्याच सिरिंजने ओढलं की डोस अडीचपट जातो. मग पोटावर किंवा मांडीवर टोचायच्या जागी हात फिरवा. गाठी लागल्या तर जागा बदलायला सांगा, पण त्याच दिवशी डॉक्टरांनाही सांगा, कारण चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर उतरू शकते.