टेराफॉर्म: लॉक जबरदस्तीने काढलं, स्टेट मागे राहिली

प्रश्न
काल माती खाल्ली. पाइपलाइनमधलं टेराफॉर्मचं (कोडवरून क्लाउडमधली साधनं उभारणारं टूल) अप्लाय, म्हणजे बदल प्रत्यक्ष करणारा रन, वीस मिनिटं हलेना, म्हणून जॉब कॅन्सल केला. पुन्हा चालवला तर स्टेटचं (काय काय बनलंय याची टेराफॉर्मची नोंद) लॉक मिळेना. मग सरळ फोर्स-अनलॉक मारून अप्लाय केलं. आता म्हणतंय, या नावाचा सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडमधला फायरवॉल) आधीपासून आहे. म्हणजे पहिल्या रनने बनवला, पण स्टेटमध्ये त्याची नोंद नाही. बॅकएंड (स्टेट ठेवायची जागा) एडब्ल्यूएसचं एस-थ्री, लॉक त्याच्याच डायनॅमोडीबी डेटाबेसात. सहकारी म्हणतो, त्याच्याकडची परवाची प्रत ‘स्टेट पुश -फोर्स’ने आताच्या स्टेटवर जबरदस्तीने टाकून मोकळा हो. टाकू का?

उत्तर १
हात जोडतो, नका टाकू. स्टेट बदलली की तिचा सिरियल (आवृत्तीचा क्रमांक) वाढतो. जुना सिरियल किंवा वेगळी लिनिएज (स्टेट मूळची कुठली, याची ओळख) दिसली की पुश नाकारला जातो. -फोर्स लावलं की दोन्ही तपासण्या गुंडाळल्या. परवाच्या प्रतीत तर तो ग्रुप नाहीच, मग मिळवणार काय?

आधी सगळ्यांचं अप्लाय थांबवा. ‘स्टेट पुल’ करून आताची प्रत बाजूला ठेवा. मग त्या ग्रुपसाठी इम्पोर्ट ब्लॉक, म्हणजे आधीच असलेली गोष्ट स्टेटमध्ये नोंदवणारा कोड, लिहा (टेराफॉर्म १.५ पासून चालतो). आयडी एसजी- ने सुरू होणारा द्यायचा, नाव नाही. प्लॅनमध्ये (होणाऱ्या बदलांची यादी) तो ‘ॲड’मधून ‘इम्पोर्ट’मध्ये सरकला की मगच अप्लाय.

प्रश्नकर्ता
एररर्ड.टीएफस्टेट (स्टेट बॅकएंडला लिहिता आली नाही तर टेराफॉर्म ती ठेवतं ती फाइल) शोधली, पण जॉब चालवणाऱ्या रनरचा कंटेनरच उडालाय.

उत्तर २
जॉब थेट किल झाला असेल तर ती फाइल बनलीही नसेल. कंट्रोल-सी एकदाच दिलं तर टेराफॉर्म हातातलं काम उरकून स्टेट लिहितं. बऱ्याच पाइपलाइनी तेवढा दम धरत नाहीत.

पण मला दुसरीच भीती आहे. सिक्युरिटी ग्रुप नावावर अडला म्हणून कळला. इलॅस्टिक आयपी (एडब्ल्यूएसचा स्थिर सार्वजनिक पत्ता) असा अडत नाही, गुपचूप दुसरा बनतो. पहिल्या रनच्या लॉगमध्ये ‘क्रिएशन कम्प्लीट’ शोधा आणि एकेक आयडी ‘स्टेट शो’शी ताडून बघा.

आणि लॉकच्या एररमध्ये ‘हू’ आणि ‘क्रिएटेड’ (लॉक कुणाचं, कधीचं) छापलेलं असतं, अनलॉकआधी ते वाचत जा. मी एकदा न वाचता सहकाऱ्याच्या चालू अप्लायचं लॉक काढलंय. नुसती वाट बघायची असेल तर -लॉक-टाइमआउट=५एम पुरतं. सवडीने यूज_लॉकफाइलवर (लॉकही एस-थ्रीतच ठेवणारी सेटिंग) या, टेराफॉर्म १.११ पासून डायनॅमोडीबीचं लॉक डेप्रिकेटेड आहे, म्हणजे पुढे काढलं जाणार.

प्रश्नकर्ता
ग्रुप इम्पोर्ट झाला. आणि हो, इलॅस्टिक आयपी दोन निघाले. पहिल्या रनचा कशालाच जोडलेला नव्हता, फुकट बिल वाढवत बसला होता. हाताने रिलीज केला. प्लॅन आता ‘नो चेंजेस’ म्हणतोय.