मदत हवी आहे: पंचनाम्यात नाव दिलं तर घरच अतिक्रमणात धरतील का?

गिरणाकाठचं गाव, जळगाव जिल्हा. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमची भिल्लांची वस्ती, गायरानात, म्हणजे गुरं चारायच्या सरकारी जमिनीवर. गेल्या आठवड्यात रात्री नाल्याचं पाणी शिरलं. कुडाची मागची भिंत गेली, दादर ज्वारीचं अर्धं पोतं भिजून फसफसलं. मायनं रेशनकार्ड तव्यावर वाळवलं, पण शाई पसरली, आता नावं वाचता येत नाहीत.

तलाठी पंचनाम्याला आले तर बाबांनी नावच दिलं नाही. म्हणे, गायरानात राहतो हे आपणच लिहून द्यायचं, मग उद्या तोच कागद घेऊन जेसीबी येईल. २०२२ला अतिक्रमणं काढायच्या हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरानातल्यांना नोटिसा आल्या, तेव्हापासून दचकून आहेत. मी भांडलो खरा, पण त्यांना द्यायला उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

त्यात काल एक जण मोटारसायकलवर अंगठ्याचं मशीन घेऊन आला. "माय, आठे अंगठा दे, पुरना पैसा येतीन." दोनदा अंगठा घेतला, दोनदा "सर्व्हर डाउन" म्हणाला, आधारची झेरॉक्स घेऊन गेला. पावती नाही. मायच्या खात्याला मोबाइल जोडलेला नाही, त्यामुळे मेसेजही नाही. काय करू?

उत्तर १: आधी बँक, बाकी सगळं नंतर. आधार जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावरही पैसे निघतात. आजच पासबुक भरून घे. पैसे गेले असतील तर बँकेत लेखी तक्रार दे, पोच घे, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणं फार महत्त्वाचं. मग आधार केंद्रात मोबाइल जोडून बायोमेट्रिक लॉक कर, म्हणजे अंगठा चालणार नाही. सरकारी मदतीसाठी कोणी दारात येऊन अंगठा घेत असेल तर आधी त्याचं ओळखपत्र बघायचं.

उत्तर २: बाबांची भीती खोटी नाही, पण नाव न देऊन घर वाचत नाही, मदत मात्र जाते. पंचनाम्यात 'घर' लिहितात की 'झोपडी' ते बघ. पडझड झालेल्या घराला अधिकृत बांधकामाची अट लावतात, झोपडीची मदत वेगळी, सरकारी मदतीच्या २०२२च्या निकषात ८,००० रुपये. दर कुटुंबाला कपड्यांचे २,५०० आणि भांड्यांचे २,५०० निराळे. कोऱ्या कागदावर अंगठा नाही, वाचून घेतल्याशिवाय सही नाही. नोटीस आलीच तर तालुका विधी सेवा समितीत जा. आदिवासींना आणि पूरग्रस्तांना वकील फुकट मिळतो, १९८७च्या विधी सेवा कायद्यातच आहे.

धागाकर्ता: पासबुक भरलं. काल दुपारी दोनदा हजार-हजार गेलेत. तक्रार दिली, पोच मागितल्यावर साहेब "उद्या ये" म्हणाले. तिथेच बसून आहे. बाबा म्हणतात, झोपडी लिहिणार असतील तर नाव देतो.