मजुरी कमी म्हणून चहा स्वस्त? अर्धंच खरंय

वर कुणीतरी लिहिलंय की चहाच्या मळ्यात मजुरी कमी आहे म्हणून आपल्याला चहा स्वस्त पडतो. बरोबर, पण रोख मजुरी हा हिशोबाचा एकच भाग झाला, घर, दवाखाना, पाळणाघर हे सगळं १९५१ च्या मळा कामगार कायद्याने मालकाच्या गळ्यात घातलं (२०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतलीय) आणि मजुरी वाढवा म्हटलं की मालक लगेच तोच खर्च दाखवतात. आता घर मालकाचं म्हणजे काम सोडलं की छप्परही गेलं, मग भांडणार कोण?

हे आजचं नाहीये. चहा पिकवणारी आसाम कंपनी निघाली १८३९ ला, स्थानिक लोक मळ्यात राबायला फारसे तयार नव्हते म्हणून छोटा नागपूरकडून (आजचं झारखंड आणि आसपास) आदिवासी करारावर नेले, आणि करार मोडणं म्हणजे चक्क गुन्हा, शिक्षा वगैरे! १९२१ ला आसामातल्या चारगोळा खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून घरी निघाले तर चांदपूर स्टेशनवर (आता बांगलादेशात) त्यांना मारहाण झाली. शाळेत हे कधी शिकवलं नाही आपल्याला.

आणि हो, सगळे मोठ्या मळ्यांबद्दलच बोलताय, पण भारतातला निम्मा चहा आता छोट्या शेतकऱ्यांच्या पानाचा असतो. किलोभर चहाला साधारण साडेचार किलो ओलं पान लागतं, खुडलेलं पान त्याच दिवशी फॅक्टरीत पोचलं नाही तर खराब होतं, त्यामुळे फॅक्टरीवाला देईल तो भाव घ्यायचा. त्यांना तर कुठला मळा कायदाही कामाचा नाही.