ऑक्टोपसला रोज कोडं हवं की दडायला जागा?

खारंपाणी, छत्रपती संभाजीनगर
ऑक्टोपस पाळणार असाल तर रोज त्याच्या डोक्याला काम द्यावंच लागतं, या मताचा मी आहे. सुमारे 50 कोटी चेतापेशी, त्यातल्या दोन तृतीयांश हातांत. असा प्राणी रिकाम्या टाकीत नुसता ठेवला की तो पंपाची वायर, फिल्टरचा पाइप, झाकणाची फट, सगळं चाचपत बसतो. अंगात कठीण अशी फक्त चोच, ती जाईल एवढी जागा मिळाली की बाहेर. न्यूझीलंडमधल्या नेपिअरच्या मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस 2016 साली निचऱ्याच्या पाइपातून समुद्रात गेला, तो असाच.

सुरुवात बरणीपासून करा: आत खाणं ठेवायचं, झाकण त्यानं उघडायचं. नवीन, पारदर्शक, प्लास्टिकच्या झाकणाची घ्या. लोणच्याची जुनी नको, तेल आणि हळदीचा वास जात नाही आणि ऑक्टोपस हातांवरच्या चोषकांनी, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्यांनी, चव घेतो. धातूचं झाकण खाऱ्या पाण्यात गंजतं. झाकणाला 4 मिमीची पाच-सहा भोकं पाडा, वास बाहेर आला नाही तर त्याला बरणीत रसच वाटणार नाही. आत काळा गोटा टाका, नाहीतर बरणी तरंगते. आधी उघड्या बरणीत कोळंबी द्या. बिनधास्त हात घालू लागला की झाकण नुसतं वर ठेवा, मग पाव आटा, मग पूर्ण. वीस मिनिटांत जमलं नाही तर एक आटा सैल करा. उपाशी ठेवून शिकवू नका.

गोदाकाठ, नांदेड
सर, बरणीचं नंतर बघू, आधी पाण्याचं बोला. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 ला जातो. पंप चालू असलेली टाकी बंद खोलीत सहज 32 अंशांवर पोचते. उष्ण पाण्यातल्या जातींनाही 24 ते 26 लागतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमकी तेव्हाच जनावराची गरज वाढते. मग तो कोपऱ्यात पांढरा पडून बसतो आणि मालक म्हणतो, "कंटाळला वाटतं, नवीन खेळणं आणू."

300 लिटरच्या टाकीला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, हवाच, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर निदान एअर पंप चालला पाहिजे. त्या पंपाच्या खोलीत डासांचा फवारा मारायचा नाही, पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

दुसरं, बोअरचं पाणी चालत नाही. आरओचं घ्या, पण हल्लीच्या बऱ्याच घरगुती आरओंत तांब्याची कॅट्रिज असते, ती आधी काढा. तांब्याच्या घागरीतलं पाणी तर मुळीच नको. आपल्याला औषधी वाटणारं तांबं याला विष आहे. लिटरला 35 ग्रॅम मत्स्यालयासाठीचं सागरी मीठ, म्हणजे 300 लिटरला साडेदहा किलो. पाण्याच्या तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे घाणीतून तयार होणारी विषं, शून्य आल्याशिवाय जनावर आणायचंच नाही.

मोसंबीवाला, जालना
दोघांचं बी बरोबर हाय, पण मुद्दा सुटायलाय. ऑक्टोपसचा खेळ म्हंजे शिकार. जिता खेकडा सोडा, मग बघा रंग कसा पालटतोय, दगडाआडून कसा सरकतोय. प्लास्टिकच्या ठोकळ्यात ते कुठं हाय?

बिंदुसरा, बीड
भाऊ, खेकडा कुठला आणणार? मोसंबीच्या बागांत कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारतात, कपाशीवर कीटकनाशकं. त्या ओढ्यातला खेकडा म्हणजे टाकीत विषाची पुडीच. शिवाय गोड्या पाण्यातला खेकडा खाऱ्यात फार टिकत नाही. दगडाखाली मेला आणि दिसला नाही, तर सकाळी अमोनिया चढलेला असतो. किनाऱ्यावरून आलेला समुद्री खेकडा द्या, आणि खाऊन झाल्यावर कवच लगेच काढा.

खारंपाणी, रोजच्या कोड्यालाही माझा विरोध आहे. 1999 साली सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातला प्रयोग सगळे सांगतात: ऑक्टोपसनं औषधाच्या गोळ्यांच्या तरंगत्या डबीवर पाण्याची पिचकारी मारून तिला परत परत ढकललं. पण आठांपैकी दोघांनीच हा खेळ केला, हे कोणी सांगत नाही. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. भित्र्याला रोज नवी वस्तू दाखवाल तर तो शाई सोडेल.

त्यापेक्षा दोन-तीन बिळं द्या. संक्रांतीची सुगडं चालतात, पण लाल, भाजलेली, रंग किंवा चकाकी नसलेली. चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवा, माती सुटणं थांबलं की ठेवा. तोंड इतकंच की तो दाटीवाटीनं आत जाईल. भोवती शिंपले आणि मुठीएवढे दगड विखरून ठेवा, ते ओढून दार बंद करण्यात तो रात्रभर गुंततो. कोडं आठवड्यात दोनदा पुरे, तासाभरानं बाहेर काढायचं.

खारंपाणी
ताई, बिळांचं मान्य. पण आठवड्यात दोनदा मला कमीच वाटतं. न खेळणारे सहा होते म्हणून खेळणाऱ्या दोघांना का उपाशी ठेवायचं? जो स्वतःहून बरणीकडे येतो त्याला रोज द्या, जो मागे सरतो त्याला सुगडातच राहू द्या. कंटाळ्यानं हे प्राणी स्वतःचे हातसुद्धा कुरतडतात.

बिंदुसरा
हात कुरतडण्याचं कारण कंटाळा असतं हे जुनं मत. 1998 मधल्या एका अभ्यासात ते संसर्गाचं लक्षण असल्याचं पुढे आलं. असं दिसलं तर खेळणी वाढवू नका, पाणी तपासा आणि टाकीतली जाळी, चिमटे दुसऱ्या टाकीत वापरू नका.

मोसंबीवाला, जालना
बरं, समुद्री खेकडा तर समुद्री. पण मेलेली कोळंबी बरणीत घालून त्याला शिकार म्हणू नका, एवढंच म्हणणं हाय. आणि टाकीच्या झाकणाचं कुणीच सांगंना. काठावर आतून चार बोटं रुंदीचं प्लास्टिकचं हिरवं गवत चिकटवा, त्याच्यावर चोषक धरत न्हाईत. वर कडीचं झाकण. नुसती वीट ठेवून भागत न्हाई.

गोदाकाठ, नांदेड
एक राहिलं. मादीनं अंडी घातली की ती खाणं सोडते, नरही शेवटी दिवसाढवळ्या भरकटत फिरतो, कातडीवर पांढरे चट्टे येतात. बऱ्याच जातींचं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं. या टप्प्यात बरणी, कोडी सगळं बंद करा. दिवे मंद ठेवा, सोललेली कोळंबी चिमट्यानं हाताजवळ न्या, नाही घेतली तर मागे घ्या. आणि छोटा, निळ्या कड्यांचा ऑक्टोपस कोणी विकायला आणला तर घेऊच नका, चाव्यातल्या टेट्रोडोटॉक्सिन या विषावर उतारा नाही.