अवस्थांची घनता कमी, तरी मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्व्हिनपर्यंत अतिसंवाहक (शून्य रोधाने वीज वाहणारं) कसं राहतं?

षट्कोन: डीएफटीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढणारी गणनपद्धत) नायोबियम आणि मॅग्नेशियम डायबोराइड दोन्ही काढले. फर्मी पातळीवरची (भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या टोकाची) अवस्थांची घनता, म्हणजे इलेक्ट्रॉनांना उपलब्ध जागा (दर इलेक्ट्रॉन-व्होल्ट), नायोबियमला अणूमागे दीडच्या आसपास, डायबोराइडला तीन अणूंत मिळून जेमतेम ०.७. मग नायोबियम ९.२ केल्व्हिनवर आणि हे ३९ वर कसं? शिवाय ४×४×४ क्यू-जाळीवर (कंपनांच्या तरंग-सदिशांचे बिंदू) लॅम्डा (इलेक्ट्रॉन आणि अणूंची कंपनं, म्हणजे फोनॉन, यांच्या युग्मनाचं माप) स्थिरच होत नाही.

फोनॉन: बीसीएस या अतिसंवाहकतेच्या सिद्धांताच्या सूत्रातल्या घातांकात घनता एकटी नसते, युग्मनाच्या बळाशी गुणलेली असते. तुम्ही एकूण घनता बघताय. कक्षकांनुसार वेगळी काढा. बोरॉनच्या पीएक्स-पीवाय कक्षकांचे सिग्मा बँड (प्रतलातल्या बंधांचे ऊर्जापट्टे) फर्मी पातळी ओलांडताना दिसतील, म्हणजे सहसंयुज बंधातच होल (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) आहेत. बोरॉन अणू प्रतलात हलले (ई-टू-जी कंपन) की हे बँड जोरात सरकतात. त्यात बोरॉन हलका, म्हणून वारंवारता मोठी. बोरॉन-११ ऐवजी बोरॉन-१० घातलं तर संक्रमण-तापमान साधारण १ केल्व्हिनने चढतं, ते यामुळेच. पडताळा हवा असेल तर ॲल्युमिनियम डायबोराइड काढा. रचना तीच, पण एक इलेक्ट्रॉन जास्त. सिग्मा बँड भरून जातात आणि अतिसंवाहकता संपते.

जाळीचं म्हणाल तर सिग्माचे फर्मी पृष्ठभाग (फर्मी पातळीवरच्या अवस्थांचा तरंग-सदिशांच्या अवकाशातला आकार) अरुंद नळकांडी आहेत. नळकांडीच्या व्यासाहून लहान क्यूलाच हे युग्मन लागतं. ४×४×४ मध्ये तिथे मोजकेच बिंदू पडतात, त्यामुळे गॅमा बिंदूचं (क्यू शून्य) वजन निकाल ओढून नेतं. वॅनिये अंतर्वेशनाने (मोजक्या बिंदूंवरून मधली मूल्यं काढायची रीत) इलेक्ट्रॉन आणि फोनॉन दोन्हींच्या जाळ्या दाट करा आणि स्मिअरिंग (ऊर्जा-पातळ्या पसरवायची रुंदी) कमी करत लॅम्डा थांबतो का बघा.

शून्यरोध: एक सापळा पुढे आहे. लॅम्डा ०.७, सरासरी वारंवारता ७०० केल्व्हिन, म्यू-स्टार (इलेक्ट्रॉनांच्या प्रतिकर्षणाचं माप) ०.१ मॅकमिलनच्या संक्रमण-तापमानाच्या सूत्रात घातलं की सुमारे २४ केल्व्हिन येतात. म्हणून म्यू-स्टार खाली ओढून ३९ जुळवू नका! सिग्मा बँडवरची ऊर्जाफट (अतिसंवाहक अवस्थेत उघडणारी ऊर्जेतली पोकळी) सुमारे ७ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दुसऱ्या म्हणजे पाय (π) बँडवरची २. सरासरी घेतली की हा फरक पुसला जातो. अनिसोट्रॉपिक (बँड आणि दिशेनुसार फरक धरणारी) एलियाशबर्ग समीकरणंच सोडवावी लागतात.

षट्कोन: सिग्मा बँड वेगळे दिसले, धन्यवाद. हीच रीत लँथनम कॉपर ऑक्साइडला चालेल?

शून्यरोध: नाही. साधी डीएफटी त्याला धातू ठरवते; प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाने तो विद्युतरोधक होतो. यू (हे प्रतिकर्षण धरणारी दुरुस्ती) घातला की फट उघडते, पण ती मूळ संयुगाची. अतिसंवाहकता येते ती तांब्याच्या अणूमागे साधारण ०.०५ ते ०.२७ होल घातल्यावर, सर्वाधिक ०.१६ च्या आसपास. त्यातही ऊर्जाफट दिशेनुसार चिन्ह बदलते. तिथे फोनॉनचा एक लॅम्डा काढून काही हाती लागत नाही.