ओम्नीचा सेल्फ भंगारातनं स्वतः काढून आणावा का?

पाचगाव_ओम्नी:
नमस्कार मंडळी. वडिलांची २००८ ची ओम्नी आहे, रोज पहाटे भाजी घेऊन मार्केट यार्डात जाते. आठवडा झाला, किल्ली फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, नुसता टक वाजतो. बॅटरी नवी आहे. मी धक्का मारतो, मग गाडी निघते. सरकत्या दाराचा रोलरही गेलाय. हायवेकडेला एका भंगारवाल्याकडे तीन ओम्नी पडल्यात. तो म्हणतो, "पाने घेऊन ये, तुझं तू काढ, निम्म्यात देतो." मी आजवर कधी सेल्फ उतरवलेला नाही. काय बघून घेऊ?

शाहूपुरी_८००:
रोलर बिनधास्त आण. सेल्फ नवाच घे, रोजच्या धंद्याची गाडी आहे.

उद्यमनगरचा_फिटर:
भावा, आधी बॅटरीची टर्मिनलं घासून घे आणि अर्थिंगची वायर बॉडीला जिथं बसते तिथला गंज काढ. निम्म्या वेळा टक तिथंच थांबतो. तरी नाही फिरला तर सेल्फ उतरवून इथं कोल्हापुरात उद्यमनगरच्या वर्कशॉपात दाखव. बहुतेक कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे घासते तुकडे, झिजले असतील, ते बदलून मिळतात.

तरीही भंगारातला बघायचाच असेल तर जुना सेल्फ सोबत ने. मारुती ८०० चा बसतोय म्हणून कुणी देईल, पण तू पिनियनचे, म्हणजे सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे, दाते मोज आणि बोल्टची भोकं एकावर एक धरून जुळव. १०, १२, १४, १७ चे पाने, गंज सोडवायचा स्प्रे, आणि चार्ज केलेली बॅटरी जाड वायरींसकट ने. काढलेला सेल्फ तिथंच तपास: पायाखाली दाबून धर, उसळी मारतो. निगेटिव्ह त्याच्या बॉडीला, पॉझिटिव्ह मोठ्या बोल्टला, मग त्याच पॉझिटिव्हची बारीक वायर लहान पिनेला टेकव. पिनियन झटक्यात बाहेर येऊन जोरात फिरलं पाहिजे. चार वेळा कर. एकदा जरी अडकलं तर ठेवून ये.

पुरातली गाडी मात्र ओळखायला शीक. २०१९ च्या पुरानंतर मी असाच एक आल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, स्वतः काढून आणला होता. बाहेरनं पुसून चकचकीत. तीन आठवड्यांत बेअरिंग ओरडायला लागलं, उघडलं तर आत पंचगंगेचा गाळ वाळून बसलेला. तेव्हापासून मी आधी सीटच्या रुळात बोट घालतो आणि वायरींची कनेक्टर उघडून बघतो. माती किंवा हिरवट बुरा दिसला की त्या गाडीतली विजेची एकही वस्तू घेत नाही. दार, काच, टेललॅम्प, आरसा घ्यायला हरकत नाही. ब्रेकचे होज, व्हील सिलिंडर, सीटबेल्ट कुठल्याच गाडीतले नकोत. तुझ्या गाडीत माणसं बसतात.

आणि विटांवर ठेवलेल्या गाडीखाली अजिबात शिरू नकोस. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, सीट उचलून वरनं जेवढं होईल तेवढंच कर. खालनं काढावं लागत असेल तर त्यांच्याच पोराला काढू दे, शंभर जास्त गेले तरी चालतील.

कळंबा_दुचाकी:
गाडी नंबरासकट बिल लिहून घ्या. चासी नंबर खरवडलेला दिसला तर तिथनं निघा. चोरीचा माल माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं ३१७ कलम लागतं. अख्खं इंजिन घेणार असाल तर आरसी बुकात नवीन नंबर चढवावा लागतो, सेल्फला ती भानगड नाही.

पाचगाव_ओम्नी:
अर्थिंग घासलं, फरक पडला नाही. सेल्फ उद्यमनगरात उघडला, चारातले दोन कार्बन संपलेले. बदलले, आता पहिल्या किल्लीत सुरू होते. रोलर तेवढा भंगारातनं आणला, बिलासकट ८० रुपये. पण मधल्या रुळाला एका जागी खड्डा पडलाय, दार तिथं अडखळतं. रूळही तिथलाच काढू का?

उद्यमनगरचा_फिटर:
काढ की. पण आधी त्या गाडीचं दार तिच्याच रुळावर सरकवून बघ. विनाअडथळा गेलं तरच पाना लाव.